सायलेन्सर नको, पण मुलांचे कान वाचवा: एक खुलं पत्र

प्रति,
राज्याचं क्रीडा खातं, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या रायफल क्लबांचे पदाधिकारी, आणि माझ्यासारखेच रोज नेमबाजीच्या रेंजवर उभे राहणारे प्रशिक्षक

सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे ४ वर्षं रायफल शिकणारी एक मुलगी आहे. वय १६. घरचं किराणा दुकान आहे आणि संध्याकाळी ती आईला गल्ल्यावर मदत करते. गेल्या पावसाळ्यात तिची आई माझ्याकडे तक्रार घेऊन आली. गिऱ्हाईक 'साठ' म्हणतं आणि पोरगी 'आठ' ऐकते, एका आठवड्यात तीनदा झालं. "मॅडम, तिचं लक्षच नसतं हो, सगळं ध्यान त्या बंदुकीत." मी आईला खुर्ची दिली आणि मुलीला हाक मारून आत घेतलं. फोन कुठल्या कानाला लावतेस, एवढंच विचारलं. उजव्या, म्हणाली. पूर्वी? पूर्वी डाव्या. मग मी आईला सांगितलं, की हिला रागवू नका, उद्याच्या उद्या कान तपासून घ्या.

तपासणीचा कागद माझ्यासमोर आहे. आलेखाची रेघ डावीकडून बरी सरळ येते, ४००० हर्ट्झपाशी खाली कोसळते आणि पुढे थोडी वर चढते. बंदुकीच्या आवाजाने दुखावलेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे. आपल्या भाषेतला 'स' आणि 'श' याच उंच पट्टीत राहतात, म्हणून आधी तेच जातात. 'साठ'मधला 'स' गेला की 'आठ' उरतो. बाकी सगळं ऐकू येतं, त्यामुळे मूल बहिरं आहे असं कोणाला वाटत नाही. ते बेफिकीर आहे, उद्धट आहे, ऐकून न ऐकल्यासारखं करतं, असंच सगळे म्हणतात.

हा कागद मी लगेच ओळखला, कारण तसाच एक माझ्या कपाटात आहे. मी ९ वर्षं खेळले, त्यानंतर १९ वर्षं शिकवते आहे. मी शिकले त्या रेंजवर कापसाचे बोळे मिळायचे. तेही संपले की रुमालाचं टोक. दिवसभराचा सराव करून घरी आलं की कानात दडे बसलेले असत आणि रात्री उशीवर डोकं ठेवलं की कानातच रातकिड्यांसारखी किरकिर सुरू. सकाळी हे रातकिडे थांबायचे, म्हणून आम्हाला वाटायचं की कान बरा झाला. २४व्या वर्षापासून माझे रातकिडे सकाळीही थांबत नाहीत. उजवा कान त्यामानाने चांगला आहे. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा गाल दस्त्यावर टेकतो, उजवा कान डोक्याच्या आडोशाला जातो आणि डावा कान नळीच्या तोंडाकडे उघडा पडतो. ज्या मुलीचं मी सुरुवातीला सांगितलं तिचाही डावाच गेला. चार वर्षं ती माझ्या नजरेसमोर होती. त्यामुळे हे पत्र मी सगळ्यात आधी स्वतःला लिहिते आहे आणि मग तुम्हाला.

तपासणीची बातमी पालकांच्या ग्रुपवर पसरली तेव्हा एका वडिलांनी मला विचारलं, "मॅडम, सरावापुरता रायफलला सायलेन्सर लावता येणार नाही का? ऑनलाइन दिसतात." त्यांचा हेतू चांगला होता. तसं विचारणारे पालक तुमच्याकडेही येत असतील, म्हणून उत्तर इथे नीट लिहिते.

नाही लावता येणार. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ आहे. त्याच्या कलम २ मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या करताना गोळी झाडल्याचा आवाज किंवा चमक कमी करण्यासाठी बनवलेलं जोडसाधनसुद्धा अग्निशस्त्रच मानलं आहे. म्हणजे नुसती नळकांडी, जिच्यातून स्वतःहून एक गोळी सुटत नाही, तीही कायद्याच्या नजरेत बंदूकच. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत हे जोडसाधन पहिल्या वर्गात, प्रतिबंधित शस्त्रांच्या पंगतीला बसवलेलं आहे. खेळाडूला मिळणारी कुठलीही सवलत तिथपर्यंत पोहोचत नाही. २०१९च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. तेव्हा कोणी 'साफसफाईचं साहित्य' म्हणून किंवा 'फक्त सरावासाठी' म्हणून तसलं काही मागवत असेल, तर त्याला आजच थांबवा. मुलाच्या कानाची काळजी करता करता घरात खटला यायचा.

या शब्दाने गोंधळही फार होतो. आपल्याकडे सायलेन्सर म्हटलं की बुलेट मोटारसायकल आठवते. गाडीला सायलेन्सर असलाच पाहिजे असं मोटार वाहन नियम सांगतात आणि तो बदलून फटाके वाजवत फिरणाऱ्यांचे सायलेन्सर पोलीस काढून घेऊन रोडरोलरखाली चिरडतात. गाडीला जे सक्तीचं, तेच बंदुकीला निषिद्ध. मुलं मला हा प्रश्न विचारतात तेव्हा मी त्यांना मॅक्झिम बापलेकांची गोष्ट सांगते. हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम यांनी १८८४च्या सुमारास पहिली खरीखुरी स्वयंचलित मशिनगन बनवली, आणि तिच्या चाचण्या घेता घेता स्वतःचे कान घालवले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम याने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं. मोटारीच्या इंजिनाचा आवाज दाबण्याचं कामही त्याने केलं होतं. दोन्हीत तत्त्व एकच: तापलेला, दाबाखालचा वायू एकदम बाहेर फुटू द्यायचा नाही, आतल्या कप्प्यांतून फिरवून, थंड करून, दमवून सोडायचा.

पण सिनेमात दाखवतात तसा 'फुस्स' एवढाच आवाज राहत नाही. सायलेन्सर साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. मोठ्या काडतुसाच्या रायफलचा स्फोट १६० डेसिबलच्या वर जातो. त्यातून ३० वजा केले तरी १३० उरतात. शिवाय गोळी आवाजापेक्षा वेगाने जात असेल तर हवेत तिचा स्वतःचा चाबकासारखा कडाका उमटतो, आणि नळीच्या तोंडाशी काहीही बसवलं तरी तो थांबत नाही. आपण ५० मीटरला वापरतो ती पॉइंट टू-टूची (०.२२ इंची) मॅचची काडतुसं मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी वेगाची असतात, त्यामुळे त्यांना हा कडाका नसतो. आपल्या वाट्याला फक्त तोंडाशी होणारा स्फोट येतो.

अमेरिकेतले काही मराठी मित्र मला तिकडचे दाखले देतात. तिथे १९३४च्या कायद्याने सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर आणि नोंदणी आली. १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्यावर आला, नोंदणी मात्र राहिली. तिथेही काही राज्यांत सामान्य नागरिकाला तो बाळगता येत नाहीच. नॉर्वे, फिनलंडसारख्या देशांत शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात. तिकडे तो कानाची आणि शेजाऱ्याची सोय मानला जातो. हे सगळं खरं आहे आणि त्यांच्या जागी त्यांना ते पटत असेल.

माझं मत विचाराल तर आपल्याकडची बंदी राहावी. मी राधानगरीच्या अभयारण्याला लागून असलेल्या गावांतून पुष्कळ फिरले आहे. रात्री डोंगरात बार उडाला की खालच्या वाडीतला माणूस अंगणात येतो, वनरक्षक बॅटरी उचलतो. गवा, सांबर, भेकर मारणाऱ्याच्या विरुद्ध त्या अंधारात हा आवाज एकटाच साक्षीदार असतो. तो साक्षीदार गप्प करणारी वस्तू खेळाच्या नावाखाली बाजारात आली, तर ती फक्त रेंजवर राहील अशी हमी तुमच्यापैकी कोणी देऊ शकेल? मी देऊ शकणार नाही. म्हणून मी सायलेन्सर मागत नाही.

पण मग पुढचा प्रश्न तुमच्या दारात येतो. आवाज उगमापाशी कमी करायचा मार्ग कायद्याने बंद केला आहे, आणि योग्य कारणाने बंद केला आहे. तर तो आवाज मुलाच्या कानापर्यंत पोहोचेपर्यंत अडवायची जबाबदारी कोणाची? आज ती कोणाचीच नाही. १२-१३ वर्षांच्या पोराने स्वतःच शहाणं व्हावं, अशी आपली व्यवस्था आहे.

आकड्यांकडे बघा. पॉइंट टू-टू रायफलचा आवाज झाडणाऱ्याच्या कानापाशी १३० ते १४० डेसिबलच्या घरात असतो. त्याच काडतुसाचं पिस्तूल नळी आखूड असल्यामुळे आणखी मोठं वाजतं. छऱ्यांची बारा बोअर बंदूक १५०च्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक आघाती आवाजासाठी मोठ्यांना १४० आणि लहान मुलांना १२० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. कारखान्यांसाठीच्या आपल्या नमुना नियमांत ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे आणि १४०च्या वरचा आघात अजिबात चालत नाही. सुतळी बॉम्बलासुद्धा मोजमाप आहे: फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १४५. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५. पण ती सरासरी आहे. बंदुकीचा बार काही हजारांश सेकंदांत संपतो, आणि तासाभराच्या सरासरीत तो असा विरून जातो की झालाच नव्हता. रेंजवरच्या मुलाच्या कानापाशी किती आवाज चालेल हे सांगणारा कागद १९ वर्षांत माझ्या हातात कोणी दिलेला नाही. कारखान्यातल्या कामगारासाठी आपण नियम लिहिला, फटाक्यासाठी लिहिला. सरकारी शिष्यवृत्तीवर नेमबाजी शिकणाऱ्या पोरीसाठी लिहायला काय हरकत आहे?

आता रेंजवर प्रत्यक्ष काय चालतं ते सांगते. तुमच्यापैकी बरेच जण उद्घाटनाला येता, तेव्हा गोळीबार थांबलेला असतो.

५० मीटर थ्री पोझिशनला पात्रता फेरीत ६० गोळ्या असतात, नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन (पालथं झोपून), स्टँडिंग (उभं राहून) मिळून. सरावात एक मूल दिवसाला शंभरेक सहज झाडतं. शेजारी ७ जण असतील तर त्याच्या कानावर स्वतःचे १०० आणि दुसऱ्यांचे ७०० बार आदळतात. कानाला स्वतःच्या बारासाठी निदान मनाची तयारी असते, शेजारचा बार मात्र बेसावध गाठतो. तयारी असून उपयोगही नसतो म्हणा: मोठा आवाज आला की आतला चिमुकला स्नायू ताणून कान स्वतःला सावरतो, पण त्याला लागणाऱ्या वेळात बार होऊन गेलेला असतो. कानाच्या शंखात आवाज टिपणाऱ्या १५-१६ हजार केसपेशी जन्मतः असतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. पोरं गुडघा फुटला की प्लास्टर दाखवत फिरतात. इथे दाखवायला काहीच नसतं.

आणि आपल्या रेंज कशा असतात? वर पत्रा, खाली फरशी, तीन बाजूंनी गिलावा केलेल्या भिंती. उन्हापावसापासून वाचवायला म्हणून झाडण्याच्या जागेवर शेड घातली, बरोबरच केलं, पण त्या पत्र्याने प्रत्येक बार वरून परत डोक्यावर टाकला. मोकळ्या माळावर तीच रायफल निम्मी वाटते. पाठीमागे दोन-तीन मीटरवर बाकडं असतं. त्या बाकड्यावर आपली पाळी येण्याची वाट पाहत सगळ्यात लहान मुलं बसतात. त्यांच्या कानाला काही नसतं, कारण ती 'अजून झाडत नाहीत'. बरोबर आलेलं धाकटं भावंड तिथेच. लक्ष्यं बदलणारा मामा तिथेच, २० वर्षं. माझ्या रेंजवरचं बाकडं मी गेल्या वर्षी हलवलं. त्याआधी १८ वर्षं ते तिथेच होतं आणि ते मला खटकलं नव्हतं, हे मी लिहून ठेवते.

दोन्ही कान झाकणारे मफ असतात, नाही असं नाही. पेटीत टाकलेले, सामायिक, कडेची गादी कडक होऊन चिरलेली. चिरलेल्या गादीतून आवाज सरळ आत जातो. नेमबाजीच्या चष्म्याची जाड काडी मफखाली आली की फट पडते. टोपीची कड आली की फट पडते. मुलींच्या वेणीवर मफ बसला की फट पडते. रायफलवाल्यांची आणखी एक अडचण: गाल टेकवताना उजवा मफ दस्त्याला घासतो, नेम बिघडतो, मग मूल तो वर सरकवतं. याला उपाय कानात घालायच्या फोमच्या बोंड्यांचा, पण त्या घालायला शिकवायला लागतात. बोंडी दोन बोटांत वळून दोऱ्यासारखी बारीक करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोंडी आत सरकवायची आणि ती फुलेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. नुसती कानाच्या दाराशी टेकवलेली बोंडी दागिन्यासारखी दिसते आणि दागिन्याइतकीच उपयोगी पडते. पिस्तुलाला आणि बारा बोअरला बोंडी आणि वर मफ, दोन्ही हवेत. दोन्ही घातल्याने बेरीज होत नाही, जेमतेम ५ डेसिबलची भर पडते, कारण राहिलेला आवाज कवटीच्या हाडातून पोहोचतो. पण त्या आवाजात ५ डेसिबलसुद्धा मोलाचे आहेत.

मुलं मफ का काढतात, तेही सांगते. आपल्यामुळे काढतात. गोळीबार चालू असताना आपण मागून सूचना देतो: "कोपर आत घे", "श्वास सोड". ऐकू यावं म्हणून मूल एक कान मोकळा करतं, आणि तेवढ्यात शेजारच्या लेनवरचा, म्हणजे बाजूच्या जागेवरचा खेळाडू झाडतो. सूचना द्यायची असेल तर खांद्यावर हात ठेवा, रायफल खाली ठेवायला लावा, मागे न्या, मग बोला. कुजबुज ऐकवून मोठा आवाज अडवणारे इलेक्ट्रॉनिक मफ प्रशिक्षकांनी जरूर वापरावेत. स्पर्धेत खेळाडूला ते चालत नाहीत, आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात संदेश ग्रहण करणारं कुठलंही साधन असलेलं कर्णसंरक्षण खेळाडूला मना आहे. पण त्याच नियमावलीत असंही आहे, की रेंजवरच्या सगळ्यांसाठी कानाच्या संरक्षणाची सोय आयोजकांनी करायची. ही दुसरी ओळ आपल्या जिल्हा स्पर्धांच्या परिपत्रकात कधीच उतरत नाही.

काही क्लबांनी उत्साहाने भिंतींना अंड्याचे ट्रे, फोम, काथ्याच्या चटया लावल्याचं मी पाहिलं आहे. कृपा करून ते काढा. न जळलेल्या दारूचे कण आणि शिशाची धूळ त्यात साठत जाते आणि एक दिवस पेट घेते. न जळणारं रॉकवूल (खनिज तंतूंची गादी), त्यावर छिद्रांचा पत्रा, झाडझूड करता येईल असं, हेच योग्य. शेडच्या छताला आतून तेवढं अस्तर दिलं तरी कान ओळखतो. बाजूला मातीचा बांध घालून त्यावर झाडी लावली तर पलीकडच्या वस्तीलाही सुख. आणि ज्याला एक रुपयाही लागत नाही तो उपाय म्हणजे सरावात एक सोडून एक लेन वापरणं.

रेंजबाहेरच्याही एका माणसासाठी लिहायला हवं. माझं आजोळ कुडाळकडचं. आजोबांकडे शेतीच्या राखणीची ठासणीची बंदूक होती, परवान्याची. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरत आणि आजोबा माळ्यावर रात्र काढत. बहुतेक वेळा नुसता बार काढायचा, डुकरं पळायची. मी लहानपणी त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलले की ते मान वळवून उजवा कान पुढे करायचे, आणि मला वाटायचं की म्हातारपणात सगळेच असं करतात. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वाट कायद्याच्या कलम १३ ने मोकळी ठेवली आहे. हे परवाने दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला येतात. त्या टेबलावर फोमच्या बोंड्यांचं एक पाकीट आणि ती कशी घालायची याचं चित्र ठेवायला किती खर्च येईल? हे क्रीडा खात्याचं काम नाही, मला ठाऊक आहे. पण पत्र खुलं आहे, जिल्हाधिकारी कचेरीतलंही कोणी वाचेल.

कोणी म्हणेल, एवढं काय, एका कानाने थोडं कमी ऐकू आलं तर जग बुडत नाही. त्यांना दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ दाखवते. त्यात ऐकू कमी येणं म्हणजे बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट. माझी विद्यार्थिनी त्यात बसत नाही, मी बसत नाही, आजोबाही बहुधा बसले नसते. म्हणजे प्रमाणपत्र नाही, सवलत नाही, नोंद नाही. वर्गात मागच्या बाकावरून 'स' ऐकू येत नाही, गर्दीत कोणी डावीकडून बोललं तर समजत नाही, आणि रात्री रातकिडे. हे नुकसान कुठल्याच रकान्यात भरलं जात नसल्यामुळे ते होतच नाही असं आपण धरून चाललो आहोत.

कोल्हापूरने या खेळाला किती दिलं ते मी तुम्हाला सांगायला नको. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, त्या दिवशी आमच्या रेंजवर पेढे कमी पडले. त्यानंतर खेड्यापाड्यांतून मुलं येताहेत, दूधसंस्थेत काम करणाऱ्यांची, ऊसतोड मुकादमांची, शिक्षकांची. जमीन गहाण टाकून रायफल घेणारे बाप मी पाहिले आहेत. ही मुलं खेळात पुढे जावीत म्हणून तुम्ही रेंज बांधता, इलेक्ट्रॉनिक लक्ष्यं बसवता, त्याबद्दल मनापासून आभार. त्यातलं शेकडा एखादं मूल पदकापर्यंत पोहोचेल. बाकीच्यांना आयुष्यभर त्याच कानांनी नोकरी, संसार करायचा आहे.

म्हणून माझी मागणी अशी. मूल रेंजवर नाव नोंदवेल त्याच आठवड्यात त्याच्या दोन्ही कानांची तपासणी व्हावी आणि तो कागद प्रवेश अर्जाला जोडलेला असावा. दर वर्षी पुन्हा. पहिला कागद नसेल तर नंतरचा कागद काहीच सिद्ध करत नाही; माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हेच झालं, नुकसान कधी सुरू झालं ते सांगायला आमच्याकडे आधीचं काही नाही. जिल्हा रुग्णालयांत श्रवणतपासणीची सोय आहे, क्रीडा खात्याने आरोग्य खात्याला एक पत्र लिहिलं तर महिन्यातला एक दिवस मुलांसाठी राखून मिळू शकतो. तपासणीच्या आधी एक-दोन दिवस त्या मुलाने गोळी झाडलेली नसावी, एवढं पाळायचं.

काडतुसांना जसं अनुदान मिळतं तसं प्रत्येक मुलामागे एक स्वतःचा मफ आणि वर्षभराच्या बोंड्या द्याव्यात. एका दिवसाच्या सरावाच्या काडतुसांच्या पैशांत चांगला मफ येतो, हा हिशेब मी दुकानात करून पाहिला आहे. नवीन रेंजच्या आराखड्याला मंजुरी देताना छताला आतून काय लावणार, हे विचारावं. ज्याच्या कानावर काही नाही तो गोळीबाराच्या वेळी पिवळ्या रेघेच्या आत दिसला, मग तो आमदार असो की बाकड्यावरचं पोरगं, तर रेंज अधिकाऱ्याने 'स्टॉप' द्यावा. लक्ष्यं बदलणाऱ्या माणसालाही मफ आणि तपासणी मिळावी, त्याच्या नावासमोर 'खेळाडू' लिहिलेलं नसलं तरी. आणि राज्याने एक आकडा ठरवावा: मुलाच्या कानापाशी, संरक्षण घातल्यावर, इतक्या डेसिबलच्या वर नाही. आकडा ठरला की मोजावं लागेल, आणि मोजलं की पत्र्याच्या शेडा बदलतील.

प्रशिक्षकांना वेगळं सांगते. या शनिवारी सराव सुरू व्हायच्या आधी रेंजवर उभं राहून पाठीमागचं बाकडं झाडण्याच्या जागेपासून किती पावलांवर आहे ते मोजा. मग पेटीतले मफ काढून एकेकाची गादी दाबून पाहा. चिरलेली असेल तर तो मफ त्याच दिवशी टाकून द्या, पुन्हा पेटीत ठेवू नका.

ती मुलगी अजून येते. घरच्यांशी बोलून आम्ही तिला वर्षभर १० मीटर एअर रायफलवर ठेवलं आहे, तिचा आवाज तुलनेने पुष्कळ कमी. तिथेही ती दोन्ही कानांत बोंड्या घालून उभी राहते. ऑक्टोबरमध्ये तिची पुढची तपासणी आहे. खात्यातलं कोणी यायला तयार असेल तर आम्ही दोघी वाट बघू.

आपली,
एक नेमबाजी प्रशिक्षक,
कोल्हापूर जिल्हा